टेकडीवर आता खड्डा नको

टेकडीवर झाडं लावू नका, असं मी हल्ली उघडपणे म्हणतो. पुण्यात हे वाक्य चारचौघांत बोलून बघा. समोरचा आधी तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "कुठल्या बिल्डरने पाठवलं तुम्हाला?" आमच्या रविवारच्या गटातल्या एका काकांनी मला हे हसत हसत विचारलं, पण त्या हसण्यात निम्मा राग होता. मला तो राग ओळखीचा आहे. काही वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं, तर मीही हेच विचारलं असतं, आणि तेही न हसता.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. लॉ कॉलेज, गोखलेनगर, पाषाण, कोथरूड अशा चारी बाजूंनी माणसं तिच्यावर चढतात. वर वेताळाचं देऊळ आहे, पावसात पाण्याने भरणारी जुनी दगडखाण आहे, आणि रोज ठरल्या वेळी ठरल्या दगडावर बसून राजकारण करणारे टेकडीकर आहेत. मी त्यातलाच. चढताना हातात पाच लिटरचा गोडेतेलाचा रिकामा कॅन पाण्याने भरून न्यायचा, वाटेतल्या रोपांना घालायचं आणि रिकामा कॅन खाली आणायचा, हे इथलं व्रत आहे. गुडघे कुरकुरणारी माणसंही हे करतात. त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढायची माझी छाती नाही.

पेशाने मी हिशेबनीस, म्हणून गटातली रोपांची वही माझ्याकडे आली. कुठं कोणतं रोप, कुणी लावलं, जगलं की गेलं, सगळं त्यात. आम्ही लावायचो ती सगळी देशी झाडं: वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा, आवळा. मे महिन्यात पहार आणि कुदळ घेऊन खड्डे घ्यायचे, घमेल्याने खालून माती वाहायची, पहिला पाऊस झाला की रोप लावायचं, आळं करायचं, भोवती दगडांचं कडं रचायचं. एखादं झाड डोक्याच्या वर गेलं की पेढे. या सगळ्यामागची समजूत इतकी पक्की होती की ती समजूत आहे हेच लक्षात येत नव्हतं. बोडकी टेकडी म्हणजे आजारी टेकडी. पूर्वी इथं घनदाट रान होतं, माणसाने ते तोडलं, आपण ते परत आणायचं.

ही समजूत आम्ही घरी शोधून काढलेली नाही. 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून शाळेतल्या प्रत्येक पोराच्या हातात जुलैत एक रोप आलेलं आहे. आपल्या राज्यात 2016 साली दोन कोटी, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी झाडं लावायचे संकल्प सोडले गेले. तेहतीस कोटी देवांचा आकडा कुणाला सुचला कोण जाणे, पण सुचणाऱ्याला मराठी मन बरोबर कळलं होतं. वृक्षारोपणाचा कार्यक्रम म्हटला की तुकोबांचा अभंग आलाच. तुकोबा ज्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर जाऊन बसत, तेही याच कोरड्या पट्ट्यातले, हे मात्र त्या कार्यक्रमात कुणाला आठवत नाही. मलाही कधी आठवलं नव्हतं.

पहिली कुरबुर वहीतच सुरू झाली. लावलेल्या रोपांपैकी जगलेली कोणती, असं बघायला लागलो तर ती सगळी उताराच्या खोलगट भागात, ओघळाच्या कडेला, जिथं मुळात थोडी माती साठते तिथं होती. वरच्या सपाट माळावर, जिथं वीतभर मुरमाखाली कातळ लागतो, तिथं रोप फक्त कॅनच्या जिवावर उभं राहायचं. पाणी थांबलं की एका उन्हाळ्यात काडी. आम्ही त्याच खड्ड्यात पुढच्या वर्षी दुसरं रोप लावायचो आणि वहीत नव्या ओळीवर नवा आकडा घालायचो. हिशेबनीस म्हणून मला हे खटकायला हवं होतं. खटकलंही, पण मी त्याचा दोष उन्हाला, वणव्याला आणि पाणी न घालणाऱ्या सभासदांना दिला.

आमच्याबरोबर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई येत. फार बोलायच्या नाहीत. एकदा माळावर आखणी चालू असताना म्हणाल्या, "इथं नका खणू. इथं आधीच भरपूर लावलेलं आहे." आम्ही आजूबाजूला पाहिलं, गवत सोडून काही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "बाई, गवत काय, कुठंही येतं." बाई गप्प बसल्या आणि आम्ही खणलं. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, उलट जरा चीडच आली. काम करणारी माणसं एक, आणि नाट लावणारी दुसरी, असं वाटलं.

पुढे सप्टेंबरात त्याच बाईंच्या मागे मी वाकून चालायला लागलो, ते खरं तर कंबर दुखत होती आणि खोदकाम जमत नव्हतं म्हणून. माळावरची एक जागा आणि तिला लागूनच असलेली गिरिपुष्पाची दाट लागवड, अशा दोन ठिकाणी त्यांनी मला उकिडवं बसवलं.

गिरिपुष्पाबद्दल थोडं सांगायला हवं. पुण्यातल्या टेकड्यांवर जे हिरवं छत दिसतं, त्यातला फार मोठा भाग या एकाच झाडाचा आहे. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. फांदी तोडून खोवली तरी जगतं, तोडलं तरी फुटतं, मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरून ठेवतं, आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. कोकणात भाताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात, तिथं ते शेतकऱ्याच्या कामाचं आहे. उंदरांना विषारी म्हणून याचंच दुसरं नाव उंदीरमारी. वनखात्याने टेकड्या लवकर हिरव्या करायला हे झाड लावलं, आणि ते काम त्याने चोख केलं. फेब्रुवारीत पानं झडून फिकट गुलाबी फुलं येतात तेव्हा पुणेकर मोबाइल घेऊन धावतात. मीही काढलेले फोटो आहेत.

त्या छताखाली मी बसलो, तर जमिनीवर पानांचा थर, थोडा टाकळा, गिरिपुष्पाचीच पोरं. बाकी काही नाही. वर पाहिलं तर घरटं नाही. तिथून वीस पावलांवर माळात बसलो आणि वहीत लिहायला पान पुरेना. कुसळी गवत, रोशा गवत, ज्याचं पातं चुरडलं की हाताला वास लागतो. गवताच्या बुंध्याशी निळी आभाळी, पांढरी मुसळी, रानकांद्याची पानं. आणि बाईंनी बोटाने गवत बाजूला करून दाखवलेली खर्पुडी. बोटभर वेल, तिला उभं नळीदार फूल, तोंडाशी पाकळ्यांची टोकं जुळलेली. नळीत आतून खालच्या दिशेने वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी आत शिरते, पण केसांमुळे बाहेर पडता येत नाही. ती आतच घुटमळते, अंगाला पराग चिकटतात, आणि मग केस कोमेजून वाट मोकळी झाली की सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. मी इतकी वर्षं त्या माळावरून चाललो होतो आणि हे माझ्या बुटाखाली चालू होतं. बाई म्हणाल्या, "हिचा कंद जमिनीत असतो. तुमची पहार बरोबर तिथं जाते."

पुढच्या पावसाळ्यात आम्ही खणलेल्या पट्ट्यात काय उगवलं ते मी मुद्दाम पाहिलं. गवत नव्हे. गाजरगवत, टाकळा आणि कॉसमॉस. हा पिवळा-केशरी कॉसमॉसही मेक्सिकोकडचाच. उकरलेल्या जमिनीत तो माजतो, आणि त्याच्या ताटव्यात उभं राहून लोक 'पुण्याचं कास' म्हणून फोटो टाकतात. बारमाही गवताचं थोंब एकदा उचकटलं की ते सहज परत येत नाही. त्याची मुळं वर्षानुवर्षं मुरमात घट्ट जाळं विणत असतात, वणवा गेला तरी ते जमिनीखालून पुन्हा फुटतं, आणि आपण हवेतल्या कार्बनची एवढी चिंता करतो, तो ही मुळं मातीत साठवत असतात. समतल चर काढायला यंत्र आणलं की हे सगळं एका दुपारी संपतं.

आणखी एक गोष्ट वेळापत्रकाची. खड्डे घ्यायचे दिवस मार्च ते मे, आणि माळटिटवीचे अंड्यांवर बसायचे दिवसही तेच. ती घरटं असं बांधतच नाही. उघड्या मुरमात खळगा, चार खडे, त्यांच्याच रंगाची अंडी. चंडोलही जमिनीवर गवताच्या आडोशानेच राहणारा. दख्खनच्या माळांवर गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा सरडा असतो. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या गटाचं शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवलं. उन्हाळ्यात नर उंचशा दगडावर चढून तो पंखा दाखवतो. त्याला मोकळी जागा लागते. आम्ही दगड उचलून झाडांची कडी करत होतो.

"पूर्वी इथं घनदाट रान होतं" ही समजूत मात्र सगळ्यात शेवटी गेली. 2025 मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी एक वेगळंच काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय, म्हणजे लीळाचरित्रासारख्या ग्रंथांपासून थेट धनगरी ओव्यांपर्यंत, रानाच्या वर्णनांसाठी वाचलं. त्यात येणारी झाडं बहुतेक बाभूळ, हिवर, तरवड, पळस अशी, म्हणजे उघड्या गवताळ माळावरची. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातले हे माळ साहेबाने जंगल तोडल्यावर झालेले नाहीत. ते किमान सातशे वर्षं तरी असेच आहेत, असा त्याचा अर्थ. हे वाचून मी जरा ओशाळलो. ओव्या आपल्याच होत्या. मेंढरं घेऊन माळ तुडवणाऱ्यांनी सगळं सांगून ठेवलं होतं. सरकारी नकाशात गवताळ जमीन अजूनही पडीक म्हणून दाखवतात, आणि आपण नकाशावर विश्वास ठेवला.

आता त्या काकांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे, हे प्रस्ताव पुण्यावर कायम टांगलेले आहेत. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, मीही त्यात होतो. त्या मोर्चातल्या बहुतेक फलकांवर झाडाचंच चित्र होतं. काकांचं म्हणणं असं, की जंगल वाचवायला लोक रस्त्यावर येतात, गवत वाचवायला कोण येणार? मोकळा माळ दिसला की अधिकाऱ्याला रस्ता दिसतो आणि बिल्डरला प्लॉट. झाडं हे टेकडीचं कुंपण आहे.

यावर माझ्याकडे छापील उत्तर नाही. काकांचा हिशेब राजकारणाचा आहे आणि राजकारणात तो बराचसा बरोबर आहे. फक्त एवढंच विचारतो, की टेकडी वाचवण्यासाठी आपण ती टेकडीच बदलून टाकली, तर वाचवलं काय? शिवाय ते कुंपण फसवं आहे. 'आम्ही इथली झाडं तोडू, पण दुसरीकडे दुप्पट लावू,' असं सांगून झाडांचा युक्तिवाद खोडता येतो. खर्पुडी आणि माळटिटवी दुसरीकडे दुप्पट लावता येत नाही.

आणि इथंच माझं मत पुरतं फिरलं. आपल्या राज्यातला नागरी भागातल्या झाडांचा कायदा 1975 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. कागदावर उत्तम. पण साठ वर्षांचा वड रस्तारुंदीत गेला, तर साठ रोपं लावायची कुठं? रस्त्यात जागा असती तर वड तोडला नसता. मग नजर वळते 'मोकळ्या' टेकडीकडे. म्हणजे खाली बसथांब्यावरची सावली जाते, वर माळावरचं गवत जातं, आणि वहीत मात्र साठ झाडं जमा. दोन्हीकडे तोटा होऊन ताळेबंद फायदा दाखवतो. अशा वह्या मी आयुष्यभर तपासल्या आहेत आणि ही एक मी स्वतः लिहीत होतो.

झाडं लावायला मी विरोध करतोय असं कुणी समजू नये. मुंबईत माहीमच्या खाडीकाठी, धारावीला लागून 37 एकरांचं निसर्ग उद्यान आहे. ती शहराची कचराभूमी होती. 1983 मध्ये सालिम अलींच्या हस्ते तिथं पहिलं रोप लागलं, 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं, आणि आज तिथं खरोखर रान आहे. तिथं मोडायला काही नव्हतं, म्हणून तिथं रान रुजवणं शहाणपणाचं. हल्ली जिकडेतिकडे मियावाकी चालतं. दाट गर्दीत रोपं लावायची ती जपानी पद्धत जपानच्या पावसाळी जंगलांसाठी बेतलेली. पुण्याच्या सातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसाच्या माळावर ती कशासाठी, हे मला कळलेलं नाही.

झाड हवं आहे ते खाली. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बसून बघा. पेठांतल्या अरुंद गल्लीत, रिक्षाथांब्यावर, मंडईबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर सावली हवी आहे. आणि आहेत त्या झाडांचं आपण काय करतो? बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट. केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडायची, विजेच्या तारांसाठी दुसऱ्या बाजूच्या फांद्या. मग वळवाच्या पहिल्या वाऱ्यात झाड एका गाडीवर पडतं आणि उरलेली सगळी धोकादायक ठरतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, काँक्रीट काढा, असा आदेश दिला. तुमच्या सोसायटीच्या दारातल्या झाडाभोवती टेप लावून बघा. लावण्याला फीत असते, फोटो असतो, पाहुणे असतात. जपण्याला फक्त एक माळी असतो, आणि तो ठेकेदाराचा.

आमच्या गटाचे आता दोन गट झाले आहेत, भांडण नाही, पण दोन चहा वेगवेगळ्या टपऱ्यांवर होतात. काका आणि मंडळी ओघळाच्या कडेची जुनी झाडं सांभाळतात. ते काम मलाही मान्य आहे, तिथं मीही पाणी घालतो. आम्ही काहीजण माळावर कॉसमॉस फुलायच्या आत उपटतो, सुबाभळीची आणि गिरिपुष्पाची नवी पोरं काढतो, जानेवारीत वनखात्याच्या माणसांबरोबर जाळरेषा साफ करतो. उभं गिरिपुष्प सरसकट तोडावं असं मी म्हणत नाही. उतारावरची माती आज त्यानेच धरली आहे आणि त्याच्या सावलीत माणसं चालतात. थोड्या थोड्या पट्ट्यांत, वर्षानुवर्षं, मागे गवत आणि साळई, मेडशिंगी, पांगारा उभा राहील अशा बेताने ते कमी करावं लागेल. हे कंटाळवाणं काम आहे. त्यात दाखवण्यासारखं काही होत नाही, आणि वहीत लिहायला आकडाही नसतो. वही मी बंद केली आहे.

आता जून येतोय आणि दरवर्षीप्रमाणे कंपन्यांचे, शाळांचे, मंडळांचे फोन सुरू होतील, "दोनशे रोपं पाठवतो, जागा दाखवा." त्यांना आणि तुम्हालाही एकच विनंती. रोपं पाठवू नका. त्याऐवजी एका रविवारी पहार आणि छिन्नी-हातोडा घेऊन आपल्याच गल्लीत उतरा, महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी कळवा, आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायला लागा. माणसं कमी पडली तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊ. कॅन आमच्याकडे भरपूर आहेत.